गार्डबदली आणि माईंची कूस

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाची देखभाल नीट होते आहे की नाही, हे तोंडाकडे बघून कळत नाही. तोंड पावडर लावूनही ताजं करता येतं. पाठ बघावी लागते. माकडहाडाजवळ, कमरेच्या हाडावर, टाचांना. हे मला थॉमस सिस्टरांनी शिकवलं. घरी राहणाऱ्या आजारी वृद्धांसाठी अटेंडंट पाठवणारी आमची संस्था आहे, तिच्या त्या मुख्य. कुणाच्याही घरी तपासणीला गेल्या की नमस्ते म्हणायच्या आधी त्या पेशंटला कुशीवर वळवतात, जिथे लालसर दिसेल तिथे अंगठा दाबतात आणि उचलतात. दाबलेली जागा पांढरी पडून पुन्हा गुलाबी झाली, तर रक्त खेळतं आहे, अजून वेळ आहे. लालच राहिली तर आत जखम सुरू झाली, फक्त आपल्याला दिसत नाही. सिस्टर अंगठा उचलतात त्या क्षणी घरातलं कुणी श्वास घेत नाही. मी तर नाहीच.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात या वर्षी आपापल्या कामाविषयी लिहायचं असं ठरलं, तेव्हा मंडळातल्या जोशीकाकू मला म्हणाल्या, "तूही लिही." मी म्हटलं, "काकू, बाकी सगळे डॉक्टर, प्रोफेसर. माझं काम म्हणजे बेडपॅन." त्या म्हणाल्या, "डॉक्टर लोकांचं दर वर्षी असतंच. बेडपॅनचं अजून कुणी लिहिलेलं नाही." म्हणून लिहिते आहे. सिस्टरना मराठी वाचता येत नाही, त्यामुळे शेवटची गोष्टही लिहायला हरकत नाही असं मला वाटतं. चुकत असेन तर संपादकांनी काढून टाकावी.

माझे बाबा इथे चंदीगडला एका केंद्र सरकारी कार्यालयात दफ्तरी आहेत, म्हणजे फायली लावतात, बांधतात. नागपूरहून बदली झाली आणि आम्ही सेक्टर बावीसमध्ये एका दुकानावरच्या खोलीत राहायला आलो. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कॉलेजला फी असते हे आम्हाला माहीत होतं. पुस्तकं वेगळी घ्यावी लागतात हे आत गेल्यावर कळलं. म्हणून मी संस्थेचं शिक्षण घेतलं आणि सकाळी कॉलेज, दुपारपासून संध्याकाळपर्यंत अटेंडंट असं सुरू केलं. बाबा म्हणाले, "बी.ए. करून लोकांच्या म्हाताऱ्यांचे पाय दाबशील काय गं?"

"पाय दाबणं त्यात नाही, बाबा. पाय उचलून उशीवर ठेवणं आहे."

"मग ते तर आणखीनच झालं बाप्पा," ते म्हणाले.

कामाचे नियम थोडे आहेत. भरवताना पेशंटला बसवायचं, आडवं ठेवून पाणी द्यायचं नाही. न्हाणीघरात आधी आपण जायचं, मग पेशंट. एकटीनं कुणाला उचलायचं नाही. आणि जो स्वतः हलू शकत नाही त्याची दर दोन तासांनी कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीही. शेवटचे दोन नियम बहुतेक घरांत मोडतात. झोप कुणाला चुकत नाही आणि दुसरा माणूस सहसा नसतो.

शिवाय ते दिवस वेगळे होते. पंजाबात रोज कुठेतरी बाँब नाहीतर गोळीबार व्हायचा आणि इथे नाक्यानाक्यावर पोलीस. बेवारस वस्तूला हात लावू नका, अशा पाट्या बसस्टँडपासून भाजीबाजारापर्यंत लागलेल्या. मनीमाजऱ्याला माझ्याकडे एक लालाजी होते. त्यांना विसरायचा आजार. बाकी सगळं ते विसरत, पण ती पाटी त्यांना पक्की आठवत असे. रोज दुपारी ते आपल्या कवळीची डबी कुठेतरी ठेवून द्यायचे आणि थोड्या वेळानं ती दिसली की ओरडायचे, "लावारिस! कोई हाथ नहीं लगाएगा." मग मी "ही माझी आहे" असं म्हणायचं, तेव्हा ते डबी उघडू द्यायचे. एकदा माझी सुट्टी होती आणि डबीला मालक मिळाला नाही. त्यांनी दारावरून जाणाऱ्या शिपायाला हाक मारली. अख्खी गल्ली रिकामी करून ती डबी उघडण्यात आली. कवळी बघून शिपाई म्हणाला, "किसकी है?" लालाजी तोंडात एकही दात नसताना म्हणाले, "क्या पता."

पण मला सांगायचं आहे ते पाटणकर सरांच्या घराचं.

पाटणकर सर विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मूळचे कोल्हापूरकडचे. मूलबाळ नाही. माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. साखर आणि हृदय दोन्ही बिघडलेलं, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं आणि घरी पाठवलं. संस्थेनं मला तिथे नेमलं.

पहिल्या दिवशी मी सायकलवरून गेले तर कोठीच्या, म्हणजे आपल्याकडच्या बंगल्याच्या, फाटकाशी वाळूची पोती रचलेली, हिरवळीवर तंबू, आणि पोत्यांमागे रायफल घेतलेला शिपाई. मला वाटलं, पत्ता चुकला. तेवढ्यात एक पन्नाशीचे शीख हवालदार बाहेर आले. बलकार सिंग त्यांचं नाव.

"थैले में क्या है, पुत्तर?"

मला "बेडपॅन" हा शब्द परक्या पुरुषासमोर उच्चारता येईना. मी म्हटलं, "भांडं आहे. म्हणजे बर्तन." संस्थेचा बेडपॅन होता, झाकणाचा, इनॅमलचा, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेला.

"बर्तन में क्या है?"

"अभी कुछ नहीं है."

हे उत्तर त्यांना आवडलं नाही. पिशवी हिरवळीच्या मधोमध ठेवायला सांगितली. मला, दुधवाल्याला आणि एका शिपायाला पोत्यांमागे बसवलं. कुणाला तरी फोन करायचं चाललं होतं, तोच दार उघडून बारीक चणीचे, स्वेटर घातलेले सर बाहेर आले, सरळ हिरवळीवर गेले आणि वाकून वर्तमानपत्र सोडायला लागले.

"प्रोफेसर साहब, हाथ मत लगाओ."

"अहो, त्यावर संस्थेचं नाव रंगवलंय," सर मराठीतच म्हणाले आणि झाकण काढून सगळ्यांना आतून दाखवलं. बलकार सिंग पोत्यांमागून उठले. मला म्हणाले, "पहले बता देती."

मी म्हटलं, "शरम आली."

"शरम से कितने लोग मर गए," ते म्हणाले आणि पिशवी स्वतः आत नेऊन ठेवली.

आता ही गार्ड सरांना कशी मिळाली? मिळाली नव्हती. त्या कोठीत आधी एक सरकारी वकील राहायचे. त्यांच्याकडे कुठलेसे खटले होते, धमक्या होत्या, म्हणून एक हवालदार आणि तीन शिपाई. पुढे वकीलसाहेब दिल्लीला गेले आणि सर भाड्यानं आले. सरांचं सामान ट्रकमधून उतरलं तेव्हा गार्ड तिथेच होती. शिपायांनीच कपाट आत नेलं.

सर खोटं न बोलणारे. दुसऱ्याच दिवशी ते ठाण्यावर गेले. तो संवाद त्यांनी मला इतक्यांदा सांगितला आहे की मी तिथे होते असं मला वाटतं.

"वकील साहब तो दिल्ली चले गए. मुझे किसी से कोई ख़तरा नहीं. आप गार्ड ले जाइए."

"जी, गार्ड वकील साहब की थोड़ी है. गार्ड कोठी की है. आर्डर में कोठी का नंबर लिखा है."

"पर ख़तरा तो वकील साहब को था."

"तो कोठी दिल्ली चली गई क्या?"

सर पुन्हा गेले. तेव्हा त्यांना चहा मिळाला. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ठाणेदार काळजीनं म्हणाला, "प्रोफेसर साहब, आप गार्ड हटवाने पर इतना ज़ोर क्यों दे रहे हैं? किसी ने कहा है क्या?" त्यानंतर एक साध्या वेशातला माणूस आठवडाभर सरांच्या मागे भाजीला यायचा. सरांनी नाद सोडला.

माझी अडचण वेगळी होती. माई चांगल्या भरल्या अंगाच्या. सरांना हर्निया, वर छातीचं दुखणं. आणि मी ही अशी किडकिडीत. पहिल्या भेटीत सिस्टरांनी स्पष्ट सांगितलं, "एक लड़की से नहीं होगा. रात को भी दो आदमी चाहिए. नहीं है तो पंचकुला में नर्सिंग होम है, उधर भेजो. पीठ में एक घाव हुआ तो मैं इस घर में अटेंडेंट नहीं रखेगी."

माई भिंतीकडे तोंड करून होत्या. त्या मला म्हणाल्या, "वंदे, बाईंना सांग, कोल्हापूर सोडलं ते यांच्या नोकरीसाठी. आता पंचकुल्याला मी स्वतःच्या हौसेनं जाणार नाही." खिडकीबाहेर त्यांनी लावलेला कढीपत्ता होता, इथल्या थंडीत दर वर्षी वाळायचा आणि दर वर्षी फुटायचा. त्याच्याकडे बघत पडायला मिळावं, बाकी काही मागणं नव्हतं. सिस्टरांनी महिन्याची मुदत दिली.

त्या दुपारी मी नियम मोडून एकटीच माईंना वळवायला बघत होते. खिडकीतून बलकार सिंगांनी ते पाहिलं.

"ओ पुत्तर, कमर तोड़ लेगी. रुक."

ते आत आले, पण खाटेशी वाकले तशी रायफल पुढे आली. त्या काळात शिपायांची हत्यारं हिसकावली जायची, म्हणून रायफल साखळीनं पट्ट्याला बांधून ठेवायचा हुकूम होता. वाकलं की दस्ता माईंच्या पोटाला लागे. दोनदा लागल्यावर माई म्हणाल्या, "आधी ते लाकूड काढ म्हणावं." त्यांनी साखळी पट्ट्यातून सोडली, घडीभर हातात धरून उभे राहिले आणि मग खाटेच्या लोखंडी पायाला कुलूप लावून टाकली.

"अब माता जी के चार्ज में," ते म्हणाले.

परक्या पुरुषानं हात लावायचा म्हणून माई आक्रसून गेल्या होत्या. मी सांगितलं, अंगाला हात लावायचाच नाही. माईंच्या खाली एक आडवी चादर घातलेली असते, दोघांनी दोन टोकं धरून तिनंच वळवायचं. तरी माईंनी चौकशी केली.

"तुला आई आहे का रे?"

त्या मराठीत विचारायच्या, ते पंजाबीत सांगायचे, आणि दोघांचं कधी अडलं नाही. "हैगी ए, माता जी. पिंड विच." म्हणजे आहे, गावी.

"तिला कोण वळवतं?"

"ओहनू कौन मोड़ सकदा?" ते म्हणाले. "ओह ते सानू मोड़दी ए." त्यांना कुणी वळवू शकत नाही, उलट त्याच सगळ्यांना वळवतात, हे माईंना लगेच पटलं. पदर सावरून त्या म्हणाल्या, "घे. धर चादर."

दिवसाचं झालं. रात्रीचं काय करायचं या विचारात मी फाटकाशी सायकल काढत होते, तेव्हा संत्री, म्हणजे पहाऱ्यावरचा शिपाई, बदलत होता. जुना शिपाई पोत्यांमागून उठला, नवा तंबूतून आला, दोघं समोरासमोर उभे राहिले. मी सहज विचारलं, "हे किती वेळानं बदलतात?"

"दो घंटे," बलकार सिंग म्हणाले.

"रात को भी?"

"रात को क्या चोर छुट्टी पर जाता है?"

मी सायकल पुन्हा स्टँडवर लावली. दर दोन तासांनी, दिवसरात्र, दोन धडधाकट माणसं त्या फाटकाशी जागी असतात. एक येणारा, एक जाणारा. चंदीगडच्या कुठल्याही घरात एवढी व्यवस्था नव्हती. मी बिचकत विचारलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, विचार केला आणि म्हणाले, "ड्यूटी में जोड़ देते हैं."

मी त्या तिघा शिपायांना दोन दुपारी शिकवलं. हात धुवायचे, बूट दाराबाहेर, आधी "माता जी" अशी हाक, मग चादर. गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी. ते लक्ष देऊन शिकले, पण एक अडलं: दोघं एका वेळी उचलत नव्हते. मी "एक, दोन, तीन" म्हणायचे. एक जण "दोन"ला उचलायचा आणि दुसरा "तीन" झाल्यावर. शेवटी बलकार सिंग वैतागून कवायतीच्या आवाजात म्हणाले, "माता जी दाहिने मुड़ेंगी. दाहिने मुड़." दोन्ही शिपायांचे हात एकदम उठले आणि माई लोण्यासारख्या वळल्या.

तेव्हापासून तसंच. गार्डबदली झाली की माईंची कूसबदली. "माता जी बाएँ मुड़ेंगी." "थांब रे, पदर अडकलाय." "माता जी विश्राम." सर पलीकडच्या खोलीतून म्हणायचे, "अहो, ती रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाची बायको आहे, पलटण नाही." माई म्हणायच्या, "तुम्ही झोपा. तुम्ही ड्यूटीवर नाही."

महिन्यानं सिस्टर आल्या. अंगठा दाबला, उचलला. पाठ कोऱ्या कागदासारखी. त्यांनी पुन्हा दाबून बघितलं. मग मला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं, "रात को कौन टर्न करता?"

मी खरं सांगितलं. "पुलिस," त्या म्हणाल्या. "बिना ट्रेनिंग के?"

"ट्रेनिंग मी दिलं, सिस्टर."

खरं तर आमच्या संस्थेचा नियम होता की जिथे धोका म्हणून पोलीस बसवलेत, त्या घरी अटेंडंट पाठवायची नाही. तो नियम सिस्टरना तेव्हाच आठवला, पण पाठ बघून झालेली होती. म्हणाल्या, "अगली बार देखेंगे."

ती पुढची वेळ आली आणि त्याच दुपारी पोलिसांचे इन्स्पेक्टरही तपासणीला आले. फाटकावर संत्री होता, पण बदलीची वेळ झालेली, तेव्हा बाकीचे आत. इन्स्पेक्टर बूट वाजवत माईंच्या खोलीत आले. तिथे दोन शिपाई मोज्यांवर उभे, हात ओले, आणि दोन रायफली खाटेच्या पायाला.

"हथियार यहाँ क्या कर रहे हैं?"

बलकार सिंग सावधान झाले. "जी, माता जी के चार्ज में हैं."

"हथियार आदमी की बेल्ट से बँधा होना चाहिए. यही हुक्म है ना?"

सिस्टर खाटेच्या दुसऱ्या बाजूला होत्या. त्या म्हणाल्या, "पेशंट के रूम में जूता नहीं चलेगा. आप बाहर निकालो."

"आप कौन?"

"मैं इधर का इंचार्ज."

"इंचार्ज तो मैं हूँ. सुरक्षा वाली कोठी में बाहर का आदमी नहीं आ सकता. यह लड़की भी नहीं."

"और हमारा लड़की सुरक्षा वाला घर में नहीं जा सकता," सिस्टर म्हणाल्या. "यह भी रूल है."

म्हणजे दोघांच्या नियमांनी मी तिथे नव्हतेच. माई भिंतीकडे तोंड करून सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "वंदे, दोघांना सांग, भांडण नंतर. माझी वेळ झाली."

बलकार सिंगांनी इन्स्पेक्टरकडे पाहिलं. "साब जी, इजाज़त?" इन्स्पेक्टरांनी मान हलवली, का ते त्यांनाही समजलं नसावं. "माता जी दाहिने मुड़ेंगी. दाहिने मुड़." चादर उठली. इन्स्पेक्टर चटकन कॅलेंडरकडे वळले. सिस्टरांनी पाठ बघितली, अंगठा दाबला, उचलला आणि इंग्रजीत म्हणाल्या, "गुड." इन्स्पेक्टर कॅलेंडरकडे बघतच म्हणाले, "ड्रिल ठीक है."

मग त्यांनी बूट काढले आणि बाहेरच्या खोलीत सरांसमोर बसले. त्यांच्याकडे शिपायांची टंचाई होती. जिथे खरोखर धोका आहे तिथे माणसं पुरत नव्हती, म्हणून वरून विचारणा झाली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी सरांना नीट विचारत होतं.

"प्रोफेसर साहब, आपको गार्ड की ज़रूरत है?"

मी दारात उभी होते. आतून माई ऐकत होत्या, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मुझे कोई ख़तरा नहीं है. कभी नहीं था," ते म्हणाले. "और गार्ड गई तो मेरी पत्नी को पंचकुला जाना पड़ेगा. दोनों बातें सच हैं. आप जो ठीक समझें."

इन्स्पेक्टरांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "जी, पंचकुला हरियाणा में पड़ता है. वो हमारे इलाके में नहीं."

संध्याकाळी माई सरांना म्हणाल्या, "जन्मात एकदा खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं?"

सर म्हणाले, "ते शिपाई दुसऱ्या कुणाचा जीव वाचवतील, माई."

"वाचवू देत. मी नाही म्हटलं का?" त्या म्हणाल्या. "मी फक्त विचारलं."

गार्ड उठवायचा हुकूम आला. मी सिस्टरांच्या मुदतीचा आणि पंचकुल्याचा विचार करत होते. पण बलकार सिंग तंबू उतरवताना शांत होते. ते म्हणाले, "पुत्तर, पुलिस में पोस्ट छोड़ते नहीं. चार्ज देते हैं."

शेजारच्या कोठीत एक निवृत्त न्यायाधीश राहायचे. त्यांना स्वतःची, खरीखुरी गार्ड होती. तिथल्या हवालदाराला बलकार सिंगांनी कुंपणापाशी बोलावलं आणि रीतसर चार्ज दिला: पोती इतकी, बादल्या इतक्या, आणि आतल्या खोलीत एक माता जी, वजनदार, पाठ शाबूत. त्या हवालदारानं आत येऊन पाठ शाबूत असल्याची सिस्टरांसमोर खात्री करून घेतली, म्हणजे सिस्टरांनी सांगितलं आणि त्यानं मान हलवली. निघताना बलकार सिंग माईंच्या पाया पडले. माई म्हणाल्या, "आईला सांग, कोल्हापूरच्या बाईनं विचारलंय." ते नुसतं "जी" म्हणाले आणि ट्रकमध्ये बसले. कुठे नेमणूक झाली ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. त्या दिवसांत विचारत नसत.

त्यानंतर दर दोन तासांनी न्यायाधीशांचे दोन शिपाई मेंदीचं कुंपण ओलांडून यायचे. कुंपणाला तिथे वाट पडली. न्यायाधीशसाहेब सरांना एकदा अभिमानानं म्हणाले, "मेरी गार्ड बड़ी चौकस है. रात भर चारों तरफ़ घूमती है." सरांनी होकारार्थी मान हलवली. ते खोटं नव्हतं.

आणि मग हळूहळू सगळं शांत झालं. नाकी उठली, बाजार उशिरापर्यंत उघडे राहू लागले. आमच्या कॉलेजात मुली पुन्हा संध्याकाळच्या सिनेमाला जायचे बेत करू लागल्या. या उन्हाळ्यात शेजारची गार्डही उठली. सेक्टरात लोकांनी लाडू वाटले. सरांनी माईंना वर्तमानपत्र वाचून दाखवलं, परिस्थिती सामान्य होत आहे म्हणून.

"चांगलं झालं," माई म्हणाल्या. "फार चांगलं झालं. आता रात्री मला कोण वळवणार?"

शेजारचा हवालदार चार्ज द्यायला आला, पण घ्यायला कुणी उरलं नव्हतं. आजूबाजूच्या सगळ्या कोठ्यांवरचे पहारे उठलेले. त्यानं मेंदीच्या कुंपणापलीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे. मला सावधान उभं केलं. "माता जी एक. पीठ साबुत. चार्ज लिया?"

"लिया," मी म्हटलं. माझी एम.ए.ची परीक्षा तोंडावर होती.

संस्थेकडे रात्रीसाठी दोन शिकलेल्या अटेंडंट नव्हत्या, आणि एकीवर सिस्टर राजी नव्हत्या. मी घरी आले आणि बाबांना विचारलं. आई त्या वेळी माझ्या आजीजवळ भंडाऱ्याकडे गेली होती. बाबा एकटेच भात शिजवत होते. ते म्हणाले, "मले काय येते त्यातलं?" मी म्हटलं, "चादरीचं टोक धरायचं." त्यांनी गॅस बंद केला. आम्ही सरांच्या मागच्या खोलीत राहायला गेलो. माझी आजी गावाला पडून आहे आणि तिच्या चादरीचं टोक आई एकटी धरते, हे त्यांनी त्या वेळी काढलं नाही. अजूनही काढत नाहीत. मलाच ते अधूनमधून आठवतं.

पहिल्या रात्री आमचा मेळ बसेना. मी उचलायचे, बाबा थांबायचे. चादर तिरकी जायची. माईंच्या डाव्या खुब्यावर लालसर डाग उमटला. मी तो दिवसभर बघत होते. मग लक्षात आलं ते माईंच्याच. "अगं, ऑर्डर कुठाय?" त्या म्हणाल्या. "ऑर्डर नसली की माझं अंग सैल सुटत नाही." बाबांना हुकूम सोडायचा म्हणजे संकोच, आयुष्यभर त्यांनी ऐकलेलेच. तेव्हा पलीकडच्या खोलीतून काठी टेकत सर आले, खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि वर्गात बोलायच्या आवाजात म्हणाले, "माता जी दाहिने मुड़ेंगी. दाहिने मुड़."

माई वळल्या. "ओरडू नका," त्या म्हणाल्या, "ऐकू येतं मला." पण दर दोन तासांनी सर उठतातच.

त्या आठवड्यात सिस्टर तपासणीला आल्या. नमस्ते न म्हणता माईंना वळवलं, त्या डागावर अंगठा ठेवला आणि दाबला. सर, मी, कुणी हललं नाही. बाबा ऑफिसला जायच्या आधी स्वयंपाकघरात चहा घेत होते, त्यांची बशीही वाजायची थांबली. सिस्टरांनी अंगठा उचलला. जागा पांढरी होती. मग अगदी सावकाश गुलाबी झाली.

"रात को कौन टर्न करता?" सिस्टरांनी विचारलं. मला नाही, सरांना.

खरं सांगितलं तर पंचकुला. रात्री दोन शिकलेली माणसं पाहिजेत, आणि आमच्याकडे एक मी आणि एक दफ्तरी. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"गार्ड," ते म्हणाले.

सिस्टरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. हिरवळीवर तंबू होता तिथे गवताचा पिवळा चौकोन राहिलेला. पोती नाहीत. शेजारच्या कोठीच्या फाटकाशी एक भाजीवाला बिनधास्त उभा होता. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, जिथे बाबा बशी हातात घेऊन उभे होते.

"ठीक है," त्या म्हणाल्या. "गार्ड को बोलो, लेफ्ट साइड का तकिया थोड़ा ऊपर रखे."

बाबांनी बशी ओट्यावर ठेवली आणि टाचा जुळवून सरळ उभे राहिले. "जी," ते म्हणाले.

सिस्टर फाटकाबाहेर पडल्या तरी ते तसेच उभे होते. माई कढीपत्त्याकडे तोंड करून पडल्या होत्या.

"अहो," त्या सरांना म्हणाल्या, "त्यांना विश्राम म्हणा. ऑफिसला उशीर होईल."